खुलासा: ६९ टक्के युक्रेनी लोक नेमकं काय म्हणाले?

'युद्ध वर्षभरात संपेल, असं ६९ टक्के युक्रेनी लोकांना वाटतं' हा फिरणारा दावा चुकीचा आहे. गॅलप या अमेरिकी सर्वेक्षण संस्थेच्या जुलै २०२५च्या पाहणीत ६९ टक्के लोकांनी वाटाघाटी करून युद्ध लवकरात लवकर थांबवावं, असं म्हटलं. ही झाली इच्छा. बारा महिन्यांत लढाई थांबेल का, हा प्रश्न वेगळा होता आणि त्यावर ६८ टक्क्यांनी 'शक्यता कमी' असंच सांगितलं. आकडे जवळजवळचे, म्हणून गल्लत होते. शिवाय मुलाखती फोनवर झाल्या. रशियाच्या ताब्यातल्या ज्या भागांत युक्रेनचं मोबाइल नेटवर्क पोहोचत नाही, तिथली माणसं यात नाहीतच. मत काळानुसार बदलतंही: २०२२मध्ये ७३ टक्के लोक विजयापर्यंत लढायच्या बाजूने होते. म्हणून आकडा पुढे पाठवताना मूळ प्रश्न आणि महिना-वर्ष सोबत लिहाच.