फेरेटला आठवड्यातून दोनदा आंघोळ घालू नका

"फेरेट पाळताय? आठवड्यातून दोनदा शाम्पूने धुवा, वास जातो. मानगूट धरून उचला, चावला की नाकावर टिचकी मारा. कानातला मळ काडीने आतपर्यंत काढा. उन्हाळ्यात पंखा पुरतो." हा मेसेज महिन्याभरात मला सांगली, मिरज आणि तासगावहून आला. फेरेट म्हणजे मुंगसासारखा दिसणारा लांबट पाळीव प्राणी; चार वर्षं तो सांभाळल्यावर मला सांगावंसं वाटतं, की यामुळे जनावराचे हाल होतात.

आधी आंघोळ. फेरेटच्या अंगाला वास येतो तो मळाचा नाही, कातडीतल्या तेलग्रंथींचा. शाम्पूने तेल निघून गेलं की कातडी कोरडी पडते आणि ग्रंथी आणखी तेल सोडतात. दोन दिवसांत वास पहिल्यापेक्षा जास्त. सुरुवातीला मीही दर रविवारी धुवायचो. सोन्या, म्हणजे माझा फेरेट, त्याच्या पाठीवर कोंडा धरला, खाजवून खाजवून रक्त आलं, तेव्हा डॉक्टरांनी मला थांबवलं. आता दोनेक महिन्यांतून एकदा, कोमट पाण्याने. धुवायचंच असेल तर त्याचं अंथरूण धुवा. तो झोपतो ती झोळी आणि फडकी दर आठवड्याला धुतली, शी-शूचा ट्रे रोज साफ केला, तर घरात वास राहत नाही. नराचा उग्र वास नसबंदीने बराच उतरतो. मादीच्या बाबतीत तर प्रश्न जिवाचा आहे: नराशी संग झाला नाही तर तिचा माज लांबत जातो, इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या गरात, रक्त बनणं मंदावतं आणि त्यात ती दगावू शकते. मेसेजमध्ये याचा उल्लेखही नाही.

मानगुटीची गोष्ट अर्धी खरी. आई पिल्लाला तशीच धरते, आणि मोठा फेरेटही मानगूट धरली की सैल पडून जांभया देतो. औषध पाजताना घटकाभर तसं धरायला हरकत नाही. पण रोज उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली हवाच. टिचकी मात्र कधीच नको. पिल्लं एकमेकांशी दातांनीच खेळतात आणि त्यांची कातडी जाड असते, त्यामुळे आपली पातळ आहे हे त्यांना शिकवावं लागतं. टिचकीने ती एवढंच शिकतात की हात आला म्हणजे दुखणार, आणि मग घाबरून खरंच चावतात. चावला की खेळ तिथेच थांबवा, दोन-तीन मिनिटं पिंजऱ्यात ठेवा. रोज तसंच केलं की कळतं त्याला.

नखं साधारण दोन आठवड्यांनी कापावी लागतात. पोटावर माशाच्या तेलाचे दोन थेंब टाका. तो चाटत बसतो, तोवर गुलाबी शीर सोडून टोकं कापून घ्या.

कानातला तांबूस-तपकिरी मळ नेहमीचाच. बाहेरून पुसा, काडी आत घालू नका. कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ दिसला तर माइट्स, म्हणजे कानातले बारीक किडे, असू शकतात, डॉक्टरांना दाखवा.

आणि पंखा. आपल्याला वाऱ्याने गार वाटतं ते घाम सुकतो म्हणून. फेरेटला घाम जवळजवळ येतच नाही. ३० अंशांच्या वर त्याला धोका सुरू होतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ३८-४०पर्यंत जातो. दुपारी खोलीच गार ठेवावी लागते. वीज गेली तर गोठवलेली पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवा. तोंड उघडून धापा टाकत आडवा पडला, तर पंजे आणि पोट साध्या पाण्याने ओलं करा, बर्फाच्या नाही, आणि तसाच दवाखान्यात घेऊन जा.