बर्लिनमध्ये पाणी पिण्याची चूक

बर्लिनमध्ये आम्ही दोघे चार दिवस फिरलो आणि चारही दिवसांचे वेळापत्रक माझ्या मूत्राशयाने ठरवले. हे लिहायला मला लाज वाटत नाही. वाटायचीच असेल तर ती त्या शहराला वाटावी. मी अठ्ठावन्न वर्षांची आहे, सकाळी रक्तदाबाची जी गोळी घेते तिने लघवी वाढते आणि भरपूर पाणी प्या असे डॉक्टरांनी बजावले आहे, त्यामुळे घराबाहेर दर दोन तासांनी स्वच्छतागृह शोधावे लागते. यात काही जगावेगळे मागणे आहे, असे निदान पुण्यातून निघताना तरी मला वाटले नव्हते.

ह्यांनी प्रवासाच्या वहीत सगळी आखणी करून ठेवली होती. पहिल्या दिवशी ब्रांडेनबुर्ग गेट, मग राइशटाग या संसदभवनाचा काचेचा घुमट (त्यासाठी आमची नावे आणि जन्मतारखा कित्येक दिवस आधी कळवून झाल्या होत्या) आणि तिथून टिअरगार्टन या दोनशे हेक्टरांहून मोठ्या उद्यानातून चालत विजयस्तंभापर्यंत. स्तंभाच्या २८५ पायऱ्यांचीही वहीत नोंद होती, पण एवढ्या मोठ्या उद्यानात बायकोने जायचे कुठे, याची नव्हती. माझ्यासमोर दोन धडधाकट पुरुष झुडपाआड जाऊन आले आणि शांतपणे सायकलवर बसून निघून गेले. मी मात्र वीस मिनिटे चालत रस्त्यावरच्या एका स्वयंचलित शौचालयापाशी पोहोचले. त्याच्या यंत्राला नाणे चालत नव्हते, फक्त कार्ड हवे होते, आणि आमचे कार्ड त्याने तीन वेळा नाकारले. तिथून धावतपळत एका कॅफेत शिरले, तर काउंटरवरच्या बाईंनी स्वच्छतागृह फक्त ग्राहकांसाठी असल्याचे सांगितले. म्हणून साडेतीन युरोंची कॉफी घेतली, तर तिथे कार्ड चालत नव्हते, रोख पैसेच हवे होते! रस्त्यावर कार्डच, कॅफेत रोकडच. शिवाय ती कॉफी पोटात गेल्यावर तासाभरात पुन्हा तीच गरज उभी राहते, म्हणजे ते साडेतीन युरो पुढच्या शौचालयाचा विसारच समजायचे. रेल्वे स्थानकातल्या स्वच्छतागृहाच्या फिरत्या दांड्यांच्या दारापाशी एक युरोचे नाणे टाकावे लागते. माझ्या पर्समध्ये तेव्हा पन्नासची नोट होती, आणि ती मोडून द्यायला शेजारचा पावविक्रेता तयार नव्हता.

याहून संताप आणणारी गोष्ट मला दुसऱ्या दिवशी कळली. शहरातल्या त्याच रस्त्यावरच्या शौचालयांमध्ये जिथे पुरुषांसाठी मुतारी आहे, तिथे ती फुकट असते. दार लावून बसायचे असेल तर मात्र पन्नास सेंट. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ची, म्हणजे लघवीच्या हक्काची चळवळ करणाऱ्या बायका नेमके याच अन्यायावर बोट ठेवत आल्या आहेत, की पुरुषाला मुतारी मोफत आणि बाईकडून मात्र दारातच पैसे. आपल्याकडचा हा निर्लज्जपणा युरोपात भेटेल असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. जेन्डार्मेनमार्क्ट या देखण्या चौकात हिरव्या बिडाची एक अष्टकोनी टपरी आहे. ह्यांनी कौतुकाने तिचा फोटो काढला आणि मग मार्गदर्शक पुस्तिकेत वाचून सांगितले, की ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या पुरुषांच्या मुताऱ्यांपैकी एक असून लोक त्यांना गमतीने ‘कॅफे अख्टएक’, म्हणजे अष्टकोनी कॅफे, म्हणत. पुरुषांची सोय वारसा म्हणून जपायची आणि बाईने आजही कार्ड घासत उभे राहायचे! २०२२ मध्ये या शहराने शंभराच्या आसपास शौचालये मोफत केली होती, पण त्यामागचे कारण ऐकून मी कपाळाला हात लावला: नाण्यांच्या पेट्या फोडणाऱ्या चोरांनी प्रशासनाला जेरीस आणले होते. बायकांच्या सोयीसाठी जे झाले नाही, ते चोरांच्या कृपेने झाले.

रविवारची कथा निराळी सांगायला नको. जर्मनीच्या १९१९ च्या वायमार राज्यघटनेतले रविवारच्या विश्रांतीचे कलम जर्मनांनी १९४९ च्या घटनेतही तसेच ठेवले, त्यामुळे दुकाने बंद, मोठी भांडारे बंद आणि त्यांच्या वरच्या मजल्यावरची स्वच्छतागृहेही बंद. त्या दिवशी आम्ही ईस्ट साइड गॅलरीच्या, म्हणजे बर्लिन भिंतीच्या उरलेल्या चित्रमय भागाच्या, कडेने चालत होतो. भिंत १.३ किलोमीटर लांब आहे आणि तिच्यावरच्या चित्रांपैकी मला एकही नीट आठवत नाही. तिथेच ह्यांनी ते वाक्य उच्चारले: “तू पाणी जरा बेतानेच पीत जा ना.” लग्नाला एकतीस वर्षे झाली, पण मला इतका राग क्वचितच आला असेल. उपाहारगृहात नळाचे पाणी कोणी आपणहून आणून ठेवत नाही, बाटली विकत घ्यावी लागते आणि ती काही ठिकाणी बिअरहून महाग पडते. म्हणजे पाणी आत घ्यायला पैसे, बाहेर टाकायला पैसे, आणि रिकामी बाटली परत केल्यावर पंचवीस सेंट मात्र इमानेइतबारे परत मिळतात. बाटलीची एवढी कदर आणि माणसाची नाही?

शेवटच्या दिवशी मी वही माझ्या हातात घेतली आणि आम्ही संग्रहालयांच्या बेटावर नॉयेस म्यूझियममध्ये गेलो, कारण तिकीट काढले की आतले स्वच्छतागृह हवे तितक्या वेळा वापरता येते. १९१२ साली इजिप्तमधल्या अमार्ना येथे सापडलेला नेफर्टिटी राणीचा अर्धपुतळा तिथे आहे आणि त्या दालनात छायाचित्र काढू देत नाहीत. तिच्यासमोर मी निवांत पंधरा मिनिटे उभी राहू शकले, बर्लिनमधली माझी तेवढीच सुखाची पंधरा मिनिटे, आणि ती मिळाली कारण दोन मिनिटांपूर्वीच मी तळघरात जाऊन आले होते. “बघ, आवडली ना तुला?” असे ह्यांनी विचारले. त्यांना मी काहीच उत्तर दिले नाही.

पहिल्या दिवसानंतर मी दर ठिकाणी नोटा मोडून नाणी जमवायला लागले होते. पुण्याला परत आल्यावर परकीय चलन बदलून देणाऱ्याने नोटा घेतल्या, नाणी मात्र परत केली. पन्नास सेंटची सात नाणी आता स्वयंपाकघरातल्या मोहरीच्या रिकाम्या डब्यात पडून आहेत, आणि डबा हलला की खुळखुळतात.