आरशासमोर उभं राहून समीकरण सुटत नाही

गेल्या रविवारी ताईकडे मुक्कामाला होते. सकाळी साडेसहाला भाचीच्या खोलीतून आवाज येत होता, "मी गणितात हुशार आहे, मी गणितात हुशार आहे." कपाटाच्या आरशासमोर उभी राहून, बोटांवर मोजत, २१ वेळा. आरशाच्या कोपऱ्यात तेच वाक्य लिहिलेली पिवळी चिठ्ठी चिकटवलेली. टेबलावर बीजगणिताच्या चाचणीचा पेपर, २० पैकी ६. म्हणून झाल्यावर ती माझ्याकडे वळली. "मावशी, मला हे मनापासून म्हणताच येत नाही गं. म्हणूनच मार्क पडत नसतील."

हे ऐकल्यापासून मला चैन नाही.

ज्या मेसेजमुळे हे सुरू झालं तो ताईच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला होता. पुढे माझ्या ऑफिसच्या ग्रुपवरही आला, म्हणजे तुमच्याकडेही पोचला असणार. त्यातलं म्हणणं असं: मुलांचे मार्क अभ्यासावर नाही, 'सेल्फ-एस्टीम'वर, म्हणजे आत्मसन्मानावर, ठरतात आणि हे अमेरिकेत सिद्ध झालंय, रोज आरशासमोर २१ वेळा 'मी हुशार आहे' म्हणायला लावा, २१ दिवसांत मेंदू बदलतो, मुलांची चूक कधीही दाखवू नका, फक्त कौतुक करा, व्यसन, गुन्हेगारी, अपयश या सगळ्याचं मूळ एकच, न्यूनगंड.

आधी 'अमेरिकेत सिद्ध झालंय' हे बघू. तिथे हा खटाटोप सरकारी पातळीवर झाला, एवढं खरं. जॉन व्हास्कॉन्सेलोस नावाच्या आमदाराच्या आग्रहावरून कॅलिफोर्निया राज्याने १९८६ साली आत्मसन्मान वाढवण्यासाठी एक कृतिदलच नेमलं. गुन्हे, व्यसनं, शाळा सोडणारी मुलं, सगळ्यांवर ही लस लागू पडेल अशी आशा होती. त्याच कामासाठी विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी तोवरचं संशोधन चाळलं आणि १९८९ मध्ये ते पुस्तकरूपाने आलं. त्यात समाजशास्त्रज्ञ नील स्मेल्सर यांनी स्वच्छ लिहिलंय की आत्मसन्मान आणि त्याचे म्हणून सांगितले जाणारे परिणाम यांच्यातला संबंध फारच क्षीण आढळतो आणि ही निराशेची गोष्ट आहे. तरीही पुढच्या वर्षी कृतिदलाचा अहवाल गाजावाजा करून निघाला आणि शाळाशाळांत कार्यक्रम सुरू झाले. लोकांच्या लक्षात राहिला तो अहवाल. तोच आज पस्तीस वर्षांनी 'सिद्ध झालंय' म्हणून आपल्या फोनवर येतोय.

यावरचा सगळ्यात भक्कम आढावा २००३ सालचा. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यासांतून काटेकोर असलेले निवडून एकत्र तपासले. चांगले मार्क आणि आत्मसन्मान थोडेफार हातात हात घालून चालतात, हे त्यांना दिसलं. पण त्यात आधी काय येतं? बहुतेक वेळा आधी मार्क येतात आणि स्वतःबद्दलचं मत त्यामागून सुधारतं. नुसतं मत फुगवून मार्क वाढल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. याच बाउमायस्टर यांनी दुसऱ्या सहकाऱ्यांबरोबर केलेला २००७ सालचा प्रयोग तर प्रत्येक दहावीच्या पालकाने वाचावा असा आहे. कॉलेजात पहिल्या परीक्षेत मागे पडलेल्या मुलांना दर आठवड्याला ई-मेलवर सरावाचे प्रश्न पाठवले. काहींना त्याच्या जोडीला आत्मसन्मान वाढवणारा मजकूर पाठवला. त्या मुलांतली जी आधीच सगळ्यात खाली होती, ती शेवटच्या परीक्षेत आणखी घसरली. आहे तसं छानच वाटू लागलं तर माणूस पुस्तक उघडेल कशाला?

आणि आता तो आरसा. माझा खरा राग त्याच्यावर आहे. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाच्या जोअॅन वुड यांनी २००९ मध्ये नेमकं हेच तपासलं. लोकांना चार मिनिटं मनात येईल ते लिहायला सांगितलं आणि त्यातल्या काहींना, घंटा वाजली की 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' असं स्वतःशी म्हणायला सांगितलं. ज्यांचं स्वतःबद्दल आधीच बरं मत होतं त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांचं मत वाईट होतं, म्हणजे ज्यांच्यासाठी हा उपाय सांगितला जातो तीच माणसं, त्यांना ते वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त वाईट वाटलं. यात नवल काय? जे वाक्य आपल्याला पटत नाही ते म्हणताना मन लगेच उलटे दाखले काढतं. 'मी गणितात हुशार आहे' म्हटलं की पोरीच्या डोळ्यांपुढे २० पैकी ६ येणारच. ते दिवसाला २१ वेळा आणायचं? आधी तिला फक्त गणित येत नव्हतं. आता तिला वाटतंय की आपल्याला धड विश्वासही ठेवता येत नाही. मेसेज लिहिणारा मोकळा, दोष सगळा पंधरा वर्षांच्या मुलीच्या माथी.

२१ दिवसांची गोष्ट मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनपासून आलेली. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान इतके दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. लंडनमध्ये रोजच्या सवयी मोजून पाहिल्या तेव्हा सवय मुरायला मधला आकडा ६६ दिवसांचा आला, आणि कुणाला १८ लागले तर कुणाला २५४. व्यसनाचं म्हणाल तर त्याच २००३ च्या आढाव्यात स्पष्ट आहे की आत्मसन्मान जास्त असला म्हणून मुलं दारू-सिगारेटपासून लांब राहतात असं दिसत नाही.

एक मात्र मान्य करायला हवं. स्वतःबद्दलचं मत अगदीच बिनमहत्त्वाचं आहे, असं मी म्हणत नाही. आनंदी वाटणं, स्वतःहून पुढे होऊन काही करणं, यांच्याशी त्याचा संबंध २००३ च्या आढाव्यातही ठळक दिसला. आणि परिस्थितीने मुलाचं मन खचलं तर हातातलं कामही बिघडतं. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत उच्च जातींची ३२१ आणि खालच्या मानल्या गेलेल्या जातींची ३२१ मुलं घेऊन त्यांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दोन्हीकडची मुलं बरोबरीने सोडवत होती. सगळ्यांदेखत नाव आणि जात पुकारली, तेव्हा खालच्या मानल्या गेलेल्या जातींची मुलं मागे पडली. मुलं तीच, डोकी तीच. बिघाड पुकारण्यात होता. तो पुकारा बंद करायचा सोडून त्या मुलांना आरसा देऊन काय होणार?

म्हणून ताईला मी विचारलं, क्लासमध्ये ही बसते कुठे? कळलं की सर दर चाचणीनंतर मार्कांच्या क्रमाने बाकं बदलतात. भाची शेवटच्या बाकावर. ते बाक कोणतं, हे वर्गात सगळ्यांना ठाऊक.

'चूक दाखवू नका' याचं उत्तर तिच्या पेपरातच मिळालं. दोन चलांतील समीकरणं. वजाबाकी करताना खालच्या समीकरणातल्या पहिल्या पदाचं चिन्ह ती बदलत होती, बाकीची तशीच ठेवत होती. पाचपैकी चार उदाहरणांत हीच एक चूक. पेपरवर फक्त लाल फुल्या होत्या, चूक कुठे झाली हे कुणीच सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. तिने खालच्या ओळीतल्या प्रत्येक पदाखाली पेन्सिलीने चिन्ह काढलं, उदाहरण पुन्हा सोडवलं, उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानाशी ताडून पाहिलं. मग मला न विचारता पुढचं घेतलं.

ताई, सरांशी बाकांबद्दल तू बोल, नाहीतर मी बोलते. आणि शनिवारी मी येतेय, वर्गसमीकरणं काढून ठेवायला सांग तिला.