गंज काढायला स्टेनलेसची थाळी नको

जुन्या गार्डन ट्रॅक्टरचे गंजलेले भाग सोड्याच्या पाण्यात बुडवून विजेवर साफ करताना चार्जरच्या धन टोकाला स्टेनलेसची थाळी लावा, ती झिजत नाही, असा सल्ला सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. स्टेनलेसमध्ये क्रोमियम असतं. वीज सोडली की त्याचं कर्करोगकारक संयुग पाण्यात उतरू शकतं. पाणी पिवळं दिसलं तर हात घालू नका.

१९६३ साली आलेल्या जॉन डिअर ११० या गार्डन ट्रॅक्टरची लोखंडी पुली असो की ब्रॅकेट, धुण्याच्या सोड्याचं पाणी, १२ व्होल्टचा चार्जर, ऋण टोकाला तो भाग आणि धन टोकाला साधी लोखंडी सळई. सळई झिजते, झिजू दे. भंगारात किलोवर मिळते. टब मात्र उघड्यावर ठेवा, हायड्रोजन सुटतो. ॲल्युमिनियमचे भाग त्यात बुडवू नका, सोडा त्यांनाच खातो.