बर्फात लोह नसते

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या सभागृहात शरीराची हाक कशी ओळखावी या विषयावर एका आहारमार्गदर्शक बाईंचे व्याख्यान झाले आणि तेव्हा तापलेले माझे डोके रात्रीचे नऊ वाजले तरी निवलेले नाही. घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांमध्ये रविवारी अकरा वाजता काय काय चालते, हे इथल्या मित्रमंडळींना वेगळे सांगायला नको. पडद्यावर तोच तक्ता होता, जो तुमच्या प्रत्येकाच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर किमान तीनदा येऊन गेला असेल : चॉकलेट खावेसे वाटले तर मॅग्नेशियम कमी, गोड खावेसे वाटले तर क्रोमियम कमी, तळकट मागितले तर कॅल्शियम, खारट मागितले तर क्लोराइड. मागच्या टेबलावर त्या त्या कमतरतेची त्या त्या रंगाची पाकिटे मांडून ठेवली होती.

एवढ्यावर मी चहा पिऊन घरी आले असते. परंतु प्रश्नोत्तरांच्या वेळी पलीकडच्या इमारतीतली एक मुलगी उठली. वय चोवीस-पंचवीस, ऐरोलीला नोकरी, रंग असा की ओठ आणि गाल वेगळे ओळखू येऊ नयेत. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "मला कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. रोज मूठ-दोन मुठी खाल्ल्याशिवाय राहवतच नाही." सभागृहात हशा पिकला. मागून कोणीतरी म्हणाले, "लग्नात पाऊस पडणार बघ!" बाईंनी तक्त्यावर बोट फिरवले, पाव आणि पिठूळ पदार्थांच्या ओळीवर ते थांबले आणि त्यांनी सांगितले की तुला नायट्रोजन कमी पडतो आहे, म्हणजे प्रथिने कमी पडत आहेत, तेव्हा हिरवे पाकीट घे. अकराशे रुपये. मुलीने पर्स उघडली आणि मी खुर्चीतून उठले.

मला राग का आला हे सांगायचे तर 2009 सालचा बर्फ सांगावा लागेल. माझ्या जुन्या मैत्रिणींना तो ठाऊक आहे. त्यांनी पुन्हा ऐकून घ्यावा.

त्या वर्षी मी एकेचाळीस वर्षांची होते आणि रोज ठाण्याहून फोर्टातल्या बँकेत जात होते. पावसाळा संपता संपता मला बर्फ खावासा वाटू लागला. उन्हाळ्यात सर्वांनाच वाटतो तसा नव्हे. मी रात्री अडीच वाजता उठून फ्रीजचा ट्रे ओट्यावर आपटत असे आणि अंधारात उभ्याने बाराच्या बारा खडे कडाकडा चावून संपवत असे. संध्याकाळी गाडीतून उतरले की घरी जाण्याऐवजी तलावपाळीला गोळेवाल्यासमोर जाऊन उभी राहत असे आणि त्याला सांगत असे, "रंग नको, साखरेचे पाणी नको, नुसता किसलेला बर्फ द्या." तो एकदा हसून म्हणाला, "ताई, नुसत्या बर्फाचे काय पैसे घेऊ?" जांभळी नाक्याच्या बाजारात पापलेटांखाली पसरलेला बर्फ पाहून माझ्या तोंडाला पाणी सुटले होते, हे मी त्या वेळी कोणालाही सांगितले नाही, आज सांगते आहे. यजमान थट्टा करीत, सासूबाई दात जातील म्हणून ट्रे लपवीत. जिना चढताना मला धाप लागत होती, पण ठाण्याहून रोज गाडीत लोंबकळत जाणाऱ्या कोणत्या बाईला धाप लागत नाही?

शेवटी दुसऱ्याच कुठल्यातरी कारणासाठी रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन निघाले 7.4. बाईचे ते 12 तरी असावे लागते. डॉक्टरांनी कागद पाहून पहिला प्रश्न विचारला, "बर्फ खाता का?" मला वाटले, यजमानांनी फोन करून चुगली केली. मग त्यांनी सांगितले की माती, खडू, कच्चे तांदूळ, बर्फ असे काहीबाही खाण्याच्या या ओढीला वैद्यकात पायका म्हणतात, की मॅगपाय या पक्ष्याचे लॅटिन नाव तिला दिले आहे कारण तो दिसेल ते चोचीत धरतो अशी समजूत होती, आणि बर्फाची ओढ तर लोहाच्या कमतरतेत विशेष दिसते. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. नवव्या रात्री मी झोपले ती थेट सकाळी उठले. ट्रे भरलेला तसाच होता. हिमोग्लोबिन अजून जेमतेम हलले होते, पण बर्फ मनातून गेला होता.

आता तुमच्यापैकी कोणी म्हणेल की मग बाईंचेच खरे झाले, शरीराने हाक दिलीच की! हाक दिली, हे मला मान्य आहे. पण कशाची दिली? बर्फात लोह नसते. एक कणही नसते. माझ्या शरीराला लोह हवे होते आणि ते मागत होते गोठवलेले पाणी. शरीर तान्ह्या मुलासारखे रडते. भूक लागली, कान दुखतो की पोटात मुरडा आला, हे रडण्यावरून कळत नाही, ते आईला शोधावे लागते. त्या तक्त्याचा सगळा डोलारा या एका समजुतीवर उभा आहे की जो पदार्थ मागाल त्यातच तुमचे औषध आहे. त्या हिशेबाने मला 2009 साली पाण्याची कमतरता झाली होती.

चॉकलेटचेच घ्या. शंभर ग्रॅम दूध-चॉकलेटात साठ-सत्तर मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते आणि तेवढ्याच तिळात साडेतीनशेच्या आसपास. शरीराला खरोखर मॅग्नेशियम हवे असते तर रात्री अकराला आपण तिळाच्या डब्यावर तुटून पडलो असतो. मला आजवर एकही बाई भेटलेली नाही जी ऑफिसातून दमून आल्यावर म्हणाली असेल की आता शेपूची भाजी मिळाली नाही तर मला वेड लागेल. मिचनर आणि रोझिन या दोघांनी 1994 साली चॉकलेटप्रेमी लोकांना एकदा खरे चॉकलेट, एकदा पांढरे चॉकलेट आणि एकदा नुसत्या कोकोच्या कॅप्सूल देऊन पाहिल्या. कोकोतली सगळी द्रव्ये पोटात गेली तरी कॅप्सूलने ओढ शमली नाही. ती शमवली चॉकलेटनेच, आणि पांढऱ्यानेही, ज्यात कोकोची पूड नसतेच, थोडीबहुत शमवली. जिभेवर विरघळणारी साखर आणि स्निग्धता हवी असते, आठवण हवी असते, आणि दिवसभराच्या कटकटीनंतर कोणाचे तरी लाड हवे असतात. त्याला खनिजाचे नाव देऊन प्रतिष्ठित करायची गरज नाही. मला मामलेदारची मिसळ खावीशी वाटते तेव्हा मला मिसळ कमी पडलेली असते, बस्स.

उलट जे खरोखर कमी असते ते शरीर मागतच नाही. आपल्या शाकाहारी घरांत बी-बाराच्या कमतरतेने पायांना मुंग्या येऊन बसलेली माणसे आहेत. त्यांतल्या एकाला तरी कलेजी खाण्याची स्वप्ने पडली का? ड जीवनसत्त्वाची बोंब असलेल्या या शहरात भर दुपारी गच्चीवर जावेसे कोणाला वाटते? आयोडीनवाचून डोंगराळ मुलखात पिढ्यान् पिढ्या गलगंड घेऊन जगल्या, पण त्यांना समुद्राच्या मासळीची ओढ लागली नाही.

मिठाची गोष्ट निराळी आहे, हे कबूल करते. विल्किन्स आणि रिक्टर यांनी 1940 साली एका साडेतीन वर्षांच्या अमेरिकन मुलाची हकिगत प्रसिद्ध केली होती. तो मूठमूठ मीठ खाई, बिस्किटावरचे मीठ चाटून बिस्किट टाकून देई, आणि त्याच्या अगदी सुरुवातीच्या शब्दांपैकी एक शब्द 'मीठ' हा होता. रुग्णालयात नेहमीचा आहार सुरू झाल्यावर आठवडाभरात तो गेला. मग कळले की त्याच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथी निकामी होत्या, शरीरात मीठ टिकतच नव्हते आणि ते लेकरू स्वतःच्या हाताने स्वतःला जगवत होते. ही हकिगत मला जेव्हा जेव्हा आठवते तेव्हा माझी वादाची खुमखुमी थोडी ओसरते. पण चकली खाणाऱ्या प्रत्येकाच्या ग्रंथी बिघडलेल्या नसतात, आणि त्या मुलाचेही दुखणे मिठाच्या पाकिटाने बरे होणारे नव्हते.

पुन्हा माझ्या बर्फाकडे येते, कारण खरा मुद्दा पुढेच आहे. गोळ्या देऊन डॉक्टर थांबले नाहीत. लोह जाते कुठे, हे त्यांनी विचारले. मला पाळीच्या वेळी किती रक्तस्राव होतो हे मी तोवर कोणालाही, अगदी माझ्या आईलाही, मोजून सांगितले नव्हते. बायकांचे असतेच, एवढे म्हणून गप्प बसायची आपली रीत. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली. साधी होती, वेळेवर काढली. ती गाठ कोणत्या तक्त्यात सापडली असती? समजा 2009 साली मी अशा सभागृहात हात वर केला असता आणि कोणी मला 'तुमच्या शरीरातली उष्णता वाढली आहे' असे सांगून निळे पाकीट दिले असते, तर मी ते घेतले असते. आनंदाने घेतले असते, कारण कोणीतरी माझे ऐकून घेतले असे मला वाटले असते. या व्यापाराची सगळी मेख तिथे आहे आणि माझा संताप नेमका त्यावर आहे.

कारण एरवी बाईच्या खाण्याच्या इच्छेला आपल्याकडे किंमत कधी असते? नऊ महिने. तेवढ्यापुरते डोहाळे, हिरवी साडी, झोपाळा, बर्फी की पेढा. एकदा मूल झाले की तीच इच्छा म्हणजे जिभेचे चोचले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 57 टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. म्हणजे आज सभागृहात तांदळाच्या विनोदावर ज्या हसल्या, त्यांतल्या निम्म्यांनी आपापला रिपोर्ट काढून पाहावा.

इतके लिहिल्यावर मला सासूबाई आठवल्या. बर्फाचा ट्रे लपवणाऱ्या त्याच. माझा रिपोर्ट आला त्या रात्री त्या माझ्या खोलीत आल्या, पलंगाच्या कडेवर बसल्या आणि बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी चुलीची माती खायचे गं. धाकट्याच्या बाळंतपणानंतर दोन वर्षं. भाजलेल्या मातीचा वास आला की हात थरथरायचे. आई म्हणायची जंत झालेत, म्हणून एरंडेल द्यायची." त्यांचे रक्त तेव्हा कोणी तपासले नव्हते. चरकसंहितेत पांडुरोगाचे जे पाच प्रकार आहेत त्यांतला पाचवा माती खाण्याने होणारा सांगितला आहे. म्हणजे माती आणि पांढरी पडलेली बाई यांचे नाते आपल्या वैद्यांना फार पूर्वीच दिसले होते. त्यांनी मातीला कारण मानले, आज रक्तातल्या लोहाकडे आधी पाहतात, आणि दोन्हींत तथ्य आहे, कारण काही प्रकारची माती पोटातले लोह धरून ठेवते आणि अंगी लागू देत नाही. जंतांचेही अगदीच खोटे नाही. अंकुशकृमी रक्त पितातच. पण एरंडेल पाजणाऱ्या त्या आईने निदान लेकीकडे अकराशे रुपये मागितले नव्हते.

व्याख्यानाच्या बाई दुष्ट आहेत असे मी म्हणत नाही. कदाचित त्यांनाही कोणीतरी तो तक्ता असाच विकला असेल. मी त्यांना सर्वांसमोर विचारले की कच्चे तांदूळ खाणाऱ्या मुलीला तुम्ही रक्त तपासायला का सांगत नाही, तेव्हा त्या म्हणाल्या, "मॅडम, आम्ही नैसर्गिक पद्धतीने जातो." माझा आवाज चढला, तो चढायला नको होता. चिटणीस काकांनी माईक बंद केला, हेही ठीकच.

त्या मुलीला मी बाहेर गाठले. म्हटले, पाकीट राहू दे, नाक्यावरची लॅब रविवारी एकपर्यंत उघडी असते, उपाशी राहावे लागत नाही, दोन-तीनशे रुपयांत काम होते. ती म्हणाली, "काकू, आई म्हणते मी नाटके करते." मी तिच्याबरोबर गेले. रिक्षात तिने पर्समधून एक छोटी डबी काढून दाखवली. आत धुतलेले, वाळवलेले कोलम तांदूळ होते. कार्यालयात मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून खाते, म्हणाली. मी तिला तलावपाळीचा रंग नसलेला गोळा सांगितला आणि मग आम्ही दोघी इतक्या हसलो की रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिले.

सात वाजता तिचा रिपोर्ट आला. 8.1. खाली तिने लिहिले होते, "काकू, आईने तांदळाचा डबा माळ्यावर टाकला आहे." मी तिला लिहिले की आईला म्हणावे डबा खाली आणा, तांदळांचा काही दोष नाही, जेवणाबरोबरचा चहा मात्र आजपासून बंद कर, आणि उद्या साडेदहाला डॉक्टरांकडे जाताना आईलाही बरोबर घे, त्यांचाही चेहरा मी सकाळी पाहिला आहे. मी गेटपाशी उभी असेन.