उपास लंडनमध्ये, तोफ मुंबईत

१८५७ म्हटलं की आपल्याला मंगल पांडे, झाशी, तात्या टोपे आठवतात. पण त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला, बुधवारी, ब्रिटनने आपल्यापायी सरकारी उपास धरला होता हे किती जणांना माहितीये? राणी व्हिक्टोरियाने रीतसर जाहीरनामा काढला होता, देशाने पापं कबूल करायची, उपास करायचा आणि हिंदुस्थान परत ताब्यात यावा म्हणून देवाला साकडं घालायचं. गंमत म्हणजे दिल्ली २० सप्टेंबरलाच पडली होती, लंडनला बातमी पोचायची होती फक्त.

सगळ्यात मोठी गर्दी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या काचेच्या भव्य इमारतीत. स्पर्जन नावाचा तेवीस वर्षांचा पाद्री, माईक-बिईक काही नाही आणि समोर २३,६५४ माणसं! आधी आवाज कसा घुमतो बघायला गेला तेव्हा त्याने बायबलमधली एक ओळ मोठ्याने म्हटली, तर वर काम करणाऱ्या कामगाराला ती थेट आकाशवाणीच वाटली म्हणे. फंडही गोळा केला, तो अर्थातच बंडात पोळलेल्या इंग्रजांसाठी.

आता पापं कुठली, ते बघा. साताऱ्याची गादी खालसा केली, मग नागपूर, झाशी, ते? छे. काही पाद्री अफूच्या धंद्यावर बोलले, नाही असं नाही, पण स्पर्जनसकट कित्येकांचा सूर असा की आपण हिंदूंच्या धर्माचे फार लाड केले, म्हणून देवाने छडी उगारली. म्हणजे कबुली यांची आणि पाप आपलं! करून करून भागली नि देवपूजेला लागली, पण या सत्तेची तर भागायचीही तयारी नव्हती.

कारण बरोबर आठ दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, मुंबईत एस्प्लनेडवर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या भागात, सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोन शिपायांना तोफेच्या तोंडी बांधून उडवलं. आरोप कटाचा.

माझं म्हणणं सरळ आहे, सत्तेने पुकारलेला उपास मला कधीच खरा वाटत नाही, त्यात उपाशी राहणाऱ्याला काहीच सोडावं लागत नाही. याउलट ६ एप्रिल १९१९ चा उपास बघा, युद्धातले अधिकार शांततेतही चालू ठेवणाऱ्या रौलट कायद्याविरुद्ध गांधींनी हाक दिली, मुंबईत लोकांनी सकाळी चौपाटीवर समुद्रात अंघोळ केली, उपास धरला, धंदे बंद ठेवले, मशिदीत गांधी आणि सरोजिनी नायडूंची भाषणं झाली. उपास तोच, प्रार्थना तीच, पण यावेळी घाबरलं ते सरकार.