‘नेमस्पेसचा एवढा बाऊ कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ॲटम फीडचे (संकेतस्थळावरच्या नोंदींची एक्सएमएलमधली यादी) एचटीएमएलमध्ये रूपांतर करण्यावरच्या माझ्या लेखाबद्दल आपण दोन आक्षेप घेतले आहेत: एलिमेंटचे नेमस्पेस वगळून उरलेले नाव देणारे लोकल-नेम हे फंक्शन वापरले की काम भागते, त्यासाठी प्रिफिक्स (नेमस्पेसचे छोटे टोपणनाव) बांधत बसण्याची गरज नाही, आणि स्टाइलशीटमध्ये दिलेली डिफॉल्ट (प्रिफिक्सविना नावांना लागू होणारी) नेमस्पेस एक्सपाथने, म्हणजे एलिमेंट शोधण्याच्या पाथच्या भाषेने, मानू नये, हा एक्सएसएलटी या रूपांतराच्या भाषेचाच दोष आहे. मला दोन्ही मान्य नाहीत, म्हणून सविस्तर लिहितो.

नेमस्पेस म्हणजे नावांचा एक संच, आणि यूआरआय ही त्याची पत्त्यासारखी ओळख. एलिमेंटचे नाव नेमस्पेसचा यूआरआय आणि स्थानिक नाव यांच्या जोडीने पूर्ण होते. प्रिफिक्स ही केवळ त्या फाइलपुरती सोय असते. लोकल-नेम या जोडीतला अर्धा भाग टाकून देते. व्हिडिओंच्या फीडमध्ये एकाच एंट्रीत ॲटमचे टायटल आणि मीडिया आरएसएस या माध्यमांसाठीच्या जोड-शब्दसंग्रहाचे टायटल अशी दोन्ही असू शकतात, आणि आपले टेम्पलेट (जुळणाऱ्या एलिमेंटवर चालणारा नियम) दोन्हींना लागू होऊन शीर्षक दोनदा छापले जाते.

याहून त्रासदायक गोष्ट प्राधान्यक्रमाची आहे: एकाच एलिमेंटला दोन टेम्पलेट जुळली, तर जास्त प्राधान्याचे चालते. ‘कोणतेही एलिमेंट, ज्याचे लोकल-नेम टायटल आहे’ अशा पॅटर्नमध्ये अट असल्यामुळे त्याचे डिफॉल्ट प्राधान्य ०.५ ठरते, तर प्रिफिक्ससह स्वच्छ लिहिलेल्या नावाचे प्राधान्य ० असते. म्हणजे उद्या आपल्या सहकाऱ्याने मीडिया आरएसएसच्या टायटलसाठी वेगळे, नेमके टेम्पलेट लिहिले, तरी आपले ढोबळ टेम्पलेटच जिंकेल. स्टाइलशीट चालवणारा प्रोसेसर कोणतीही चूक दाखवणार नाही, आणि तो सहकारी बिचारा स्वतःच्या बिनचूक ओळी तपासत बसेल.

दुसऱ्या आक्षेपाबाबत. स्टाइलशीटमधली डिफॉल्ट नेमस्पेस तिथे थेट लिहिलेल्या आउटपुट एलिमेंटना लागू होते. आपल्या उदाहरणात ती एक्सएचटीएमएलची (एक्सएमएलच्या नियमांनी लिहिलेल्या एचटीएमएलची) आहे, आणि इनपुट मात्र ॲटमचे. तीच पाथनाही लागू झाली असती, तर आपला पाथ एक्सएचटीएमएलची एंट्री शोधत राहिला असता. शिवाय एक्सएमएल नेमस्पेस १.० या मानकात प्रिफिक्स रिकाम्या नेमस्पेसला बांधता येत नाही, त्यामुळे नेमस्पेस नसलेल्या एलिमेंटना पाथमध्ये सरळ नावाने गाठायचे तर प्रिफिक्सविना लिहिलेले नाव हीच वाट उरते. ती १९९९ च्या एक्सपाथ १.० ने मोकळी ठेवली, हे मला योग्यच वाटते.

प्रिफिक्सचा कंटाळाच असेल, तर २००७ च्या एक्सएसएलटी २.० मध्ये पाथसाठी वेगळी डिफॉल्ट नेमस्पेस ठरवण्याचे ॲट्रिब्यूट आले आहे आणि सॅक्सन या प्रोसेसरमध्ये ते वापरता येते. ते एलिमेंटच्या नावांपुरतेच असते, ॲट्रिब्यूटना लागू होत नाही. लिबएक्सएसएलटी हा प्रोसेसर एक्सएसएलटी १.० चीच अंमलबजावणी करतो, म्हणून तिथे प्रिफिक्स बांधण्याला पर्याय नाही. त्यामुळे आउटपुटमध्ये नेमस्पेसच्या नको त्या घोषणा उमटत असतील, तर एक्सक्लूड-रिझल्ट-प्रिफिक्सेस या ॲट्रिब्यूटमध्ये तो प्रिफिक्स नोंदवावा.

आपल्याकडे ॲटम ०.३ च्या जुन्या फीडही येतात आणि त्यांची नेमस्पेस वेगळी आहे, ही अडचण मात्र खरी आहे. तिथेही मी दोन प्रिफिक्स बांधून, उभ्या रेघेने जोडलेला पॅटर्न लिहीन. अशा फीड बऱ्याच असतील, तर आधी एका छोट्या स्टाइलशीटने त्यांची एलिमेंट नव्या नेमस्पेसमध्ये आणून, ॲटम १.० मध्ये बदललेली नावेही तिथेच जुळवून घ्यावीत. मग मुख्य स्टाइलशीटला एकच शब्दसंग्रह हाताळावा लागेल.